कंट्रोल ग्रुपचे गुडघे

१ सप्टेंबर २०२५, सोमवार
प्रोफेसरपदाची मुलाखत १५ ऑक्टोबरला. फिजिओथेरपी कॉलेजात अकरा वर्षं असोसिएट, आता पुरे. गुडघ्यांच्या संधिवातावरचा माझा अभ्यास तोवर हातात असेल. आमच्या बडोद्यातल्या मांजलपूर भागातल्या चाळीस बायका, चिठ्ठ्या टाकून दोन ग्रुप. वीसजणींना मी व्यायाम शिकवणार. बाकीच्या वीस कंट्रोल: त्यांना काहीच नाही. तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, ते आज मोजलं. पुन्हा मोजायचं पाच आठवड्यांनी. माझ्या ग्रुपच्या अहल्याबेन नऊ, कंट्रोलच्या मंदाबेनही नऊ. अभ्यास निःपक्षपाती आहे. निकाल मला माहीत आहे.

४ सप्टेंबर
मंदाबेन भाजीवाल्यापाशी भेटल्या. आमचा नंबर कधी, म्हणाल्या. मी समजावलं की तुम्ही काहीही न करणं विज्ञानासाठी फार मोलाचं आहे. म्हणाल्या, एवढं माझ्या सुनेला लेखी द्या.

१२ सप्टेंबर
वीसपैकी अकराजणी आल्या. बाकीच्या घरी करत असाव्यात.

२० सप्टेंबर, सकाळ
परवापासून नवरात्र! जन्म बडोद्याचा, तरी वेळापत्रक आखताना लक्षात आलं नाही. घाबरायचं कारण नाही. गिरक्या घेऊन माझ्या ग्रुपचे गुडघे बिघडायला नकोत, म्हणून वीसजणींना गरबा बंद. अहल्याबेन रडवेल्या झाल्या. लग्न होऊन या गावात आल्यापासून एक नोरतं, गरब्याची एक रात्र चुकलेली नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, विज्ञान त्याग मागतं. त्या म्हणाल्या, विज्ञान कुठं मागतंय, तुम्ही मागताय.
कंट्रोल ग्रुपला सल्ला देणं नियमात बसत नाही. खेळोत बापड्या. त्यांचे गुडघे धरले तर फरक ठळक दिसेल. अर्थात तसं व्हावं अशी माझी इच्छा नाही.

२६ सप्टेंबर
व्यायामाला चारजणी. तिघींनी माझ्याकडे पाठ करून व्यायाम केला. चौथी पिशवी विसरली होती, ती घ्यायला आली होती. जिन्यात मंदाबेन मला मागे टाकून वर गेल्या. सणाचा उत्साह. टिकत नाही.

६ ऑक्टोबर
मोजणी. अहल्याबेन आठ. मंदाबेन पंधरा, थांबा म्हटलं तरी थांबेनात.

८ ऑक्टोबर
आकडेवारीवाल्या वरदचा फोन. मॅडम, फरक सिग्निफिकंट आहे. लगेच पेढे मागवले. मग म्हणाला, फक्त उलट्या बाजूनं. पेढे स्टाफरूममध्ये वाटले. कारण विचारलं तेव्हा दिवाळी म्हटलं.

१० ऑक्टोबर
तोडगा सापडला! शीर्षक बदलायचं: 'संधिवातावर गरबा-उपचार'. वरद म्हणाला, मॅडम, आपण गरबा दिला नाही, मनाई दिली. पोरगा हुशार आहे, पण दृष्टी नाही.

१५ ऑक्टोबर
मुलाखत. दोनशे प्रश्नांची तयारी होती. बाहेरून आलेल्या तज्ज्ञबाईंनी एकच विचारला: तुमच्या ग्रुपला गरबा का बंद केलात? खूप वेळ पाणी पीत राहिले. मग तोंडातून निघून गेलं, मला त्या जिंकायला हव्या होत्या. बाई छान हसल्या. प्रोफेसरपद पुढच्या वर्षी पुन्हा जाहीर होणार आहे.

१६ ऑक्टोबर
माझ्या ग्रुपची माफी मागायला चकल्या घेऊन गेले. अहल्याबेननी चकल्या ठेवून घेतल्या आणि अर्ज हातात दिला: पुढच्या अभ्यासात आम्हाला कंट्रोलमध्ये घालावं. खाली वीस सह्या.
वीसच्या वीस. एवढा प्रतिसाद मला आजवर मिळाला नव्हता.