मंडळींना विचारून सांगतो

मुखेड,
सोमवार, दुपारचा चहा झाल्यावर

प्रिय आनंदराज,

सप्रेम जय भीम. उज्वलावहिनींनाही माझा जय भीम सांग. तुझा डावा गुडघा काय म्हणतो, वहिनींची साखर ताब्यात आहे का, आणि तुमच्या गल्लीत नळ आता किती दिवसांनी येतो, हे तिन्ही सविस्तर कळव. माझं ठीक चाललं आहे. रक्तदाब वयाला शोभेल इतकाच आहे, आणि दात जेवढे होते तेवढेच आहेत.

पाकिटावरचं अक्षर पाहून तू दचकला असशील. दाजींच्या खिशात चांगला मोबाईल असताना त्यांना पत्राची हुक्की का आली, असं वहिनींना म्हणालाही असशील. त्याचं कारण सांगतो. अडतीस वर्षांत तू आणि मी एकमेकांशी फक्त पावसावर बोललो आहोत. आठवून बघ. तुझी ताई तासभर तुझ्याशी बोलायची, मग फोन माझ्या हातात कोंबून म्हणायची, घ्या, भावाशी बोला. मी विचारायचो, काय, पाऊस? तू म्हणायचास, हाय थोडा, तिकडं? मी म्हणायचो, न्हाई. आणि फोन परत तिच्याकडे. (उन्हाळ्यात आपली फारच पंचाईत व्हायची.) आता फोन कोंबणारी नाही. तिला जाऊन चौदा महिने झाले, त्यात तुझे तीन फोन आले, आणि तिन्ही नेमके कोरड्या महिन्यांत. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. मीही फोन केला नाही. पण कागदावर माणसाला मध्ये थांबता येतं आणि समोरचा 'बरं मग, ठेवू?' म्हणत नाही, म्हणून हे पत्र.

तर विषय गाडीचा. मी चारचाकी घेतो आहे. हसू नकोस. गेल्या श्रावणात शेताच्या पांदणीत मोटारसायकल आडवी झाली आणि मी तिच्याखाली पाऊण तास आभाळ बघत पडलो. आपली काळी माती तुला माहीत आहे, भिजली की सोडत नाही. शेवटी शेजारच्या शेतातल्या माणसांनी आधी मोटारसायकल काढली (ती महाग), मग मला काढलं. ही बातमी बंगळुरूला बुद्धप्रियाला कोणी पोचवली कोण जाणे, पण लेकीनं दुसऱ्याच दिवशी हुकूम काढला की बाबा, मोटारसायकल विका, नाहीतर शेत विका. शेत विकायचं नाही, कारण बांधावरचा आंबा तुझ्या ताईनं लावलेला आहे आणि त्याला यंदा पहिल्यांदा मोहर आला. म्हणून मग चारही चाकं ओढणारी, छोटी, पांदणीत मावणारी गाडी. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी लायसनही काढलं. परीक्षेत मागे घेताना एक खांब पडला, पण तो आधीच कलला होता असं माझं मोजणी खात्यातल्या पस्तीस वर्षांच्या अनुभवावरून मत आहे.

नांदेडच्या शोरूमला गेलो. तिथली माणसं गाडीच्या पोटाखाली किती मोकळी जागा आहे ते छापील कागदावर दाखवतात. छापील आकड्यावर विश्वास ठेवायचा असता तर सरकारनं मला साखळी घेऊन पस्तीस वर्षं उन्हात कशाला हिंडवलं असतं? मी पिशवीतून टेप काढला आणि त्या चकचकीत फरशीवर उताणा होऊन गाडीखाली सरकलो. आकडा बरोबर निघाला. पण बाहेर माझे फक्त पाय दिसत होते, त्यामुळे कोणीतरी 'काकांला चक्कर आली' असा गलका केला, आणि मी बाहेर आलो तर तिघं पाण्याचे ग्लास घेऊन उभे. मी तिन्ही प्यालो. इतक्या लोकांनी एका वेळी पाणी विचारल्याला बरेच दिवस झाले होते.

मग त्यांनी मला वर्षाराणी नावाच्या मुलीच्या ताब्यात दिलं. मुलगी हुशार, बोलायला मोकळी, मूळची मुदखेडची. तिनं गाडीची बटणं दाखवली. डोंगर उतरायचं बटण निराळं, चारही चाकं जोडायचा दांडा निराळा. मी विचारलं, काळ्या मातीचं बटण कोणतं? ती म्हणाली, 'काका, कंपनीवाले मुखेडला आलेच न्हाईत अजून.' मला ती तेव्हाच आवडली.

चक्कर मारायला निघालो तिथं घोळ झाला. जन्मभर सरकारी जीपमध्ये साहेब पुढं आणि आम्ही झेंडे, साखळी घेऊन मागं. त्या सवयीनं मी थेट मागं चढलो. या गाडीला दरवाजे दोनच, मागं जायचं तर पुढचं सीट दुमडून, गुडघे छातीला लावून जावं लागतं. गेलो खरा, पण निघता येईना. वर्षाराणी म्हणाली, 'काका, पुढं बसा की. पुढं कोनीच न्हाई.'

आता या वाक्यात तिचा काय दोष? पण ते मला असं लागलं, आणि तोंडातून निघून गेलं, 'पुढं डाव्या बाजूला आमची मंडळी बसतात.'

झालं. तिनं लगेच फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, मग काकूंला कलर कोनता आवडतो? आनंदराज, एवढीच जागा होती खरं सांगायची. सांगायला फक्त दोन शब्द लागतात. मी म्हणालो, 'मंडळींना विचारून सांगतो.'

त्यानंतर दर शुक्रवारी अकरा वाजता तिचा फोन येऊ लागला. काका, काकूंनी ठरवला का कलर? पांढरी लगेच मिळेल, बाकीच्यांला थांबावं लागंल. टप निराळ्या रंगाचा पाहिजे का? सीट कव्हर काकूंला काळं चालंल का, का मळखाऊ? मागच्या काचेवर काकूंचं नाव रेडियममध्ये टाकू का, फ्री आहे. (नावाला हो म्हणालो. फुकट होतं म्हणून, असं मी तिला सांगितलं.) आणि मी प्रत्येक वेळी विचारून सांगतो. पहिल्या शुक्रवारी तुझी ताई देवळात... छे, देवळात ती कधी गेली? विहारात गेली होती असं सांगितलं. दुसऱ्या शुक्रवारी तिला पडसं झालं होतं. तिसऱ्या शुक्रवारी ती शेजारी पापड लाटायला गेली. मी खोटं बोलत होतो हे खरं, पण फोन ठेवल्यावर तासभर घर असं वाटायचं की ती खरंच शेजारी गेली आहे आणि आता कडी वाजेल. गुरुवारी रात्रीचं जेवण मला बरं जाऊ लागलं. चौथ्या शुक्रवारी मी साडेदहालाच फोन मांडीवर घेऊन बसलो. हे कोणाला सांगू नकोस.

आता रंग. तू म्हणशील, दाजी, पांढरी घ्या आणि मोकळे व्हा, अर्ध्या जिल्ह्याकडे पांढरीच आहे. मीही तेच करणार होतो. पण प्रश्न माझ्या डोक्यात अडकला तो अडकलाच. सुमनला कोणता रंग आवडायचा? अडतीस वर्षं एका ताटलीत शेंगा सोलल्या, आणि मला माहीत नाही. नकाशावर कोणत्या गटाचा बांध कुठं वळतो ते मला आजही तोंडपाठ आहे. घराला रंग दिला तेव्हा तिला विचारलं होतं बहुतेक, पण ती म्हणाली, तुम्हाला आवडंल तो, आणि मी ते उत्तर समजून कामाला लागलो.

मग मी खात्याच्या पद्धतीनं काम हाती घेतलं. तिचं कपाट उघडलं, सगळ्या साड्या पलंगावर काढल्या आणि मोजणी केली. एकूण त्रेसष्ट. रामा रंगाच्या अकरा, आमसुली नऊ, मोरपंखी सात, वांगी पाच, अबोली चार, बाकी किरकोळ, असा तक्ता केला, खाली तारीख घालून सही केली. रामा रंग बहुमतानं निवडून आला. खुशीत तो तक्ता मी शेजारच्या सिद्धम्मांना दाखवला. त्यांनी पलंगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'अण्णा, ह्या समद्या आहेराच्या हायेत. आहेरात कोन निवडू देतंय बाईमाणसाला? दुकानदार देतोय, ते नेसायचं. सुमनबाईनं सोता दुकानात बसून घेतलेली एकच. भावानं नेलती लातूरला, त्याच्या लेकाच्या, प्रेमच्या लग्नात. लई दिस सांगायली मला, आनंदराजनं गादीवर बसवलं आन् म्हनला, ताई, तुला पायजे ती काढ. ती साडी लेकीनं नेली वाटतं.' रंग विचारला, तर म्हणाल्या की नेसली ती लातुरातच, इथं घडीच मोडली नाही, मी पिशवीच तेवढी बघितली.

म्हणजे त्रेसष्ट साड्यांचा तक्ता गेला बाद. पस्तीस वर्षांत माझी मोजणी कधी फेरमोजणीला गेली नव्हती, ती सिद्धम्मांनी उभ्या उभ्या रद्द केली. आणि खरी गंमत पुढं आहे. प्रेमच्या लग्नाला मी होतो! मांडव साठ बाय बेचाळीस होता, आणि उत्तरेकडचा खांब फूटभर आत आला होता. आणि तुझी ताई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. साडी कोणत्या रंगाची होती, ते आठवत नाही. डोळे मिटून खूप बघतो. तिचा आवाज येतो, हातातला लाडू दिसतो, साडीच्या जागी काहीच नाही.

बुद्धप्रियाला विचारता आलं असतं. पण आईचा विषय निघाला की ती रडते, मग मी रडतो, आणि मोबाईलच्या पडद्यावर बाप-लेक नुसते समोरासमोर नाक पुसत बसतात. तिला वाटतं मी रुळलो. वाटू दे. तुला मात्र सांगतो, आनंदराज, मी रुळलेलो नाही. मला फार एकटं वाटतं. सकाळी दोन कप चहा होतो, कारण एका कपाचं माप मला अजून जमलेलं नाही, आणि दुसरा मी दहा वाजता गार पितो. बाकी सगळं बरं आहे.

कागद संपला म्हणून थांबतो असं लिहिणार होतो, पण कागद पुष्कळ उरला आहे. तरी थांबतो. लहानांना आशीर्वाद, आणि तू गुडघ्याची काळजी घे.

तुझा दाजी,
व्यंकटराव

ता. क. एक महत्त्वाची गोष्ट वर राहून गेली. (राहून गेली नाही, धीर झाला नाही.) गेल्या शुक्रवारी वर्षाराणीनं फारच धरलं तेव्हा मी सांगून बसलो की मंडळी माहेरी गेल्या आहेत, लातूरला, भावाकडे. मला वाटलं विषय मिटला. तर ती म्हणाली, अरे वा काका, लातूरला आमची शाखा हाय, आम्ही गाडीच काकूंच्या दारात नेऊन दाखवतो, रंगाच्या पट्ट्यांसकट. आणि पत्ता विचारला. मी दिला. त्यामुळे येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता तुझ्या दारात एक छोटी फोर बाय फोर उभी राहील, आणि कोणीतरी सुमनकाकू आहेत का, असं विचारील. वहिनींना आधी सांगून ठेव, म्हणजे त्या घाबरणार नाहीत.

ता. क. दोन. ताई बाजारात गेली आहे वगैरे काही सांगू नकोस. खोटं बोलताना तू कान खाजवतोस, हे तिनं मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. खरं काय ते तू सांग. ते दोन शब्द माझ्या तोंडून अजून निघालेले नाहीत, एकदाही नाही, मातीच्या दिवशीसुद्धा लोकांना फोन तूच केले होतेस. रविवारी पहिल्या एसटीनं मी येतो आहे. तू सांगशील तेव्हा मी शेजारी उभा राहीन. पुढच्या वेळी बहुधा मलाही जमेल.

ता. क. तीन. त्या साडीचा रंग तुला आठवत असणार. दुकानात तिच्या शेजारी तू बसला होतास. गाडी त्याच रंगाची घ्यायची आहे, मग कितीही महिने थांबावं लागो. पण पत्र मिळाल्यावर घाईनं फोन करून रंग सांगू नकोस. फोनवर तू एक शब्द सांगशील, मी 'बरं' म्हणेन, आणि मग आपल्याला पुन्हा पावसावर यावं लागेल. आणि सध्या इकडे पाऊसही नाही.