शमीमआपांचं वाक्य

गुरुवार, १८ जानेवारी. उस्मानपुरा.

सुटले एकदाची. परदेशातल्या अर्थपरिषदेसाठी मी कापूस वेचणाऱ्या बायांवर पुस्तिका लिहिली, आणि परिषदेची भागीदार असलेली बियाणे कंपनी त्यातलं एक वाक्य बदलून मागत होती. सिल्लोडच्या शमीमआपा म्हणाल्या होत्या, "बियाणं कोणतं घ्यायचं, हे आम्हाला कुणी विचारत नाय." त्याचं कंपनीनं केलं, "नव्या बियाण्यामुळे आम्हाला निर्णयाचा हक्क मिळाला." कंपनीचे साहेब फोनवर इतकं गोड बोलले की मंगळवारी मी हो म्हणून बसले. का म्हणाले? परिषदेत नाव होईल म्हणून? थोडं तसंही असेल.

पण जिचं सांगणं तिला वाचून दाखवल्याशिवाय मी छापायला देत नाही. आज दुपारी आपांना कंपनीनं बदललेलं वाक्य फोनवर वाचून दाखवलं.

"हे मी कवा म्हणले, बाई?"

"नाही म्हणालात. कंपनीला तसं हवंय."

"मग खाली कंपनीचं नाव लावा की. माझं कशाला?" आणि हसल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

लगेच साहेबांना सांगितलं, मूळ वाक्य राहील, नाहीतर पुस्तिका मिळणार नाही.

"मॅडम, मग पुढच्या परिषदेला बोलावणं येणार नाही."

न येवो. छातीवरचा दगड उतरला.

संध्याकाळी आपांना पुन्हा फोन करून त्यांचं वाक्य वाचून दाखवलं.

"हां, हे माझं," त्या म्हणाल्या. "आता कागद घ्या. अजून लई सांगायचं राहिलंय."