वीस लिटरचं कॅबिनेट आणि ज्येन साहेबांचं पोट

तीर्थरूप मामांना युन-जेनचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द रीत म्हणून लिहिलेला नाही. पाच महिने पत्र्याच्या पेटीत डोकं घालून बसल्यामुळे मी हल्ली तशीच चालते.) तुमचा खोकला कसा आहे? तुम्ही सुपारी सोडलीत असं आई सांगत होती. मी तिला ‘हो का’ म्हटलं, यापलीकडे काही बोलले नाही.

नववर्षाच्या जेवणात तुम्ही मला सगळ्यांदेखत विचारलंत, की कॉम्प्युटरचं कॅबिनेट म्हणजे पत्र्याचा डबाच ना, मग तुमची कंपनी त्यात पाच पाच महिने काय करते? चाळीस वर्षं पत्रा वाकवलेल्या माणसाने विचारलं म्हणून गप्प बसले. आज सविस्तर उत्तर देते.

आमचे ज्येन साहेब हिवाळ्यात कुणाच्या तरी लग्नाला गेले. तिथे त्यांच्या शेजारी ओसाकाच्या एका खरेदीदार कंपनीचा माणूस बसला होता. तिसऱ्या पेल्यानंतर साहेबांनी त्याला शब्द दिला, की पूर्ण आकाराचा मदरबोर्ड आणि पाण्याचं कूलिंग मावेल असं वीस लिटरचं कॅबिनेट आम्ही बनवतो, उंची फक्त तीस सेंटिमीटर. (आमच्या धंद्यात कॅबिनेट लिटरमध्ये मोजतात, जणू आत सोयाबीनचं दूध भरायचंय.) दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, “युन-जेन, लोकांना आतला माल मोठा हवा असतो आणि पेटी छोटी हवी असते. हे अजून कुणाच्या लक्षातच आलेलं नाही.” अख्खा तैवान वीस वर्षं याच एका गोष्टीवर जेवतोय, पण साहेबांच्या शोधात मी विघ्न आणलं नाही. एवढंच म्हटलं, की बोर्डच साडेतीस सेंटिमीटरचा आहे. साहेबांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, “मग तिरका बसव.”

मी इंजिनिअर आहे, पण शिनच्वांगमधला तीन मजली कारखाना त्यांचा आहे, म्हणून मी खरंच तिरका बसवून चित्र काढलं. पेटी रुंदीला एवढी फुगली की वर दोन माणसं जेवायला बसली असती. साहेब ते बघून म्हणाले, “हे जरा मोठं वाटतंय.” शेवटी त्यांनी उंचीत तीन सेंटिमीटर वाढवून दिले, तेही असे, की जणू स्वतःच्या उंचीतून कापून देतायत.

मग मी मांडणी केली. पॉवर सप्लाय बोर्डाच्या अगदी समोर टांगला. त्यामुळे प्रोसेसरवर उष्णता खेचणारा उंच हीटसिंक बसत नाही, म्हणून तिथे पाण्याचा छोटा पंप, आणि गरम पाणी थंड करणारा रेडिएटर सगळ्यात वर. वर अशासाठी, की नळ्यांत थोडी हवा राहतेच आणि हवा वर चढते. ती रेडिएटरमध्ये जाऊन बसली तर काही बिघडत नाही, पंपात शिरली तर पंप कण्हायला लागतो. पाण्याची बाटली आयुष्यात एकदा जरी उलटी केली असेल तरी हे कळतं. पण मालकीणबाईंनी नमुना पाहिला आणि म्हणाल्या, “वर इतकी भोकं? यावर कुंडी कुठे ठेवायची?” साहेबांनी लाल पेनाच्या एका फटकाऱ्यात रेडिएटर तळाशी नेला आणि पंप वर आला. मी चार पानी टिपण लिहून दिलं. साहेबांनी ते जपून ठेवलं, दुपारी सूप सांडू नये म्हणून वाटीखाली.

वसंतात ओसाकाच्या त्या कंपनीकडून मोरिशिता बाई नमुना पाहायला आल्या. अकरावा नमुना होता. (आधीच्या दहांचं झाकण लावायला दोन माणसं लागत, त्यातल्या एकाने गुडघा द्यायचा.) वर सपाट पत्रा, त्यावर मालकीणबाईंची ऑर्किडची कुंडी, आणि शेजारी मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून आपण ठेवतो ती हिरवी खाऊची पुडी. साहेबांनी बटण दाबलं. दोन मिनिटं शांतता. मग पेटीतून स्पष्ट आवाज आला, गुडगुडगुड. मोरिशिता बाईंनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा गुडगुड. साहेब पोटावर हात ठेवून म्हणाले, “माफ करा. सकाळपासून काही खाल्लं नाही.” सकाळी दोन वाट्या पेज आणि अंड्याचा पोळा त्यांना स्वतःच्या हाताने वाढणाऱ्या मालकीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

मोरिशिता बाई ऐकेनात. आधी जेवून घ्या, मग बोलू. साहेबांनी बीफ नूडल्सचा मोठा वाडगा संपवला, कारण उपाशी माणसाला दुसरं काय करता येतं? परत आलो, तर पेटी अजून गुडगुडत होती. साहेब चेहरा न बदलता म्हणाले, “जरा जास्त झालं.”

मी गप्प राहिले असते, मामा. पण पडद्यावर प्रोसेसरचं तापमान शहाण्णव दिसत होतं आणि मशीन कुठल्याही क्षणी बंद पडलं असतं. पाच महिने माझे गेले होते, साहेबांचे नाही. मी ऑर्किड उचलून मालकीणबाईंच्या हातात दिली, पुडी साहेबांच्या हातात दिली, आणि चालू पेटी उचलून टेबलावर उलटी उभी केली. आवाज थांबला. तापमान उतरत उतरत अडुसष्टवर आलं. मोरिशिता बाईंनी मान तिरकी करून उलटं झालेलं कंपनीचं नाव वाचलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, “आता बरं वाटतंय का साहेबांना?”

“एकदम,” साहेब म्हणाले.

बाईंनी पाचशे नगांची मागणी दिली. अट एकच, माल याच बाजूने उभा विकायचा. पाय आणि नाव फिरवलं की झालं, म्हणजे रेडिएटर वर असलेली माझी मूळ मांडणी. माहितीपत्रकात छापून आलंय: ‘संकल्पना: ज्येन साहेब’. मला बक्षीस म्हणून ऑर्किड मिळाली.

तेव्हा ठरवलं, बस झालं. राजीनामा घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर टेबलावर नवं चित्र: चौदा लिटर, तोच मोठा बोर्ड, तेच पाणी. मला असं हसू आलं की साहेबांनी पाणी मागवलं. राजीनामा टेबलावर ठेवून बाहेर पडले. अशा वेड्यांत आणखी एक दिवस काढणं माझ्याच्याने होणार नाही.

मामींना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमची भाची,
युन-जेन

ता. क. राजीनामा सोमवारी परत घेतला. आईला यातलं काहीच माहीत नाही, तेवढं सांभाळा.

आणखी ता. क. चौदा लिटरचं चित्र साहेबांचं नव्हतं. ते मी काढलं होतं, एका रविवारी, कुणी न सांगता. साहेब ते बघून म्हणाले, “पोरी, हे होणार नाही. तू चार दिवस सुट्टी घे.” हसले मी नव्हते, ते हसले होते. राजीनामा त्यावरून दिला.

शेवटचं ता. क. साहेब काहीही म्हणोत, चौदा लिटरचं होऊ शकतं, मामा. फक्त एक मिलिमीटरच्या पत्र्यात बोटभर अंतराने तीन घड्या पडायला हव्यात, आणि आमचा मशीनवाला म्हणतो पत्रा फाटेल. तुमच्या हाताच्या जुन्या मशीनवर तो फाटणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे चांगह्वाला येते. तुम्हाला जमेल की नाही ते सवडीने कळवा. पत्रा मात्र कापून झालाय.