घंटी वाजली की

३ नोव्हेंबर, सोमवार

ह्यांनी आज महेश्वरीला मारलं.

संध्याकाळची पूजा चालली होती. मी घंटी वाजवायले, सूनबाई समोर आरतीचं ताट घेऊन उभी – आणि हे खुर्चीवरून उठले ते सरळ तिच्या अंगावर. डाव्या हाताचा एकच ठोसा. ताट खणखणत एकीकडं, पोरगी एकीकडं. गाल टम्म सुजला. रडली सुदिक न्हाई. "आत्याबाई, डोळा वाचला बघा," म्हणली.

आणि हे? परत जाऊन खुर्चीत बसले. मला विचारतात, "जिंकलो का?"

४ नोव्हेंबर

शंभू बोलला. "आई, आता बस्स झालं." संभाजीनगरला असल्या माणसांना ठेवून घेणारं एक ठिकाण त्यानं बघितलंय. तिथं सांभाळायला माणसं असतात म्हणे. मग मी कोण हाय? पण त्याला तरी काय बोलू. बापानं बायकोला मारलंय त्याच्या. दुसऱ्या कोणी हात लावला असता तर ह्यानं तो हात ठेवला नसता.

महिनाअखेर न्यायचं ठरलं. मला विचारलं न्हाई, सांगितलं.

५ नोव्हेंबर

सगळं पूर्णा गाव ह्यांना पैलवान म्हणायचं. हे चिडायचे. "पैलवान मातीत लोळतो. आमी बॉक्सर." हेवीवेटचे राष्ट्रीय विजेते, त्याच्यावरच रेल्वेत नोकरी लागली. गाडीत तिकिटं तपासायला निघाले की बिनतिकिटाचे आपणहून उतरायचे. घरात मात्र कधी आवाज चढवला न्हाई. मीच तोंडाची फाटकी, हे खामोश बसायचे.

नांदेडचा डॉक्टर म्हणतो, डोक्याला बसलेला मार आता वर यायलाय. इतकी वर्षं आत दबून होता म्हणे. मला ओळखत न्हाईत. पाणी पाजायला गेलं की दात आवळून धरतात. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या गिळतच न्हाईत तर उपयोग काय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कळलं. देवा, कळलं मला!

सकाळी पूजेला बसले, घंटी वाजवली, तर हे परत उठले. हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालापाशी. समोर कोणी नव्हतं म्हणून हवेत ठोसे मारायले. घाबरून माझ्या हातातली घंटी निसटली. फरशीवर पडून खणखण वाजली – आणि हे थांबले. हात खाली. शांत चालत कोपऱ्यात गेले, स्टुलावर बसले आणि तोंड उघडलं.

बॉक्सिंगच्या रिंगणात पहिल्या घंटीला उठायचं, लढायचं. दुसऱ्या घंटीला आपल्या कोपऱ्यात बसून पाणी प्यायचं. ह्यांनी सुनेला मारलंच न्हाई. घंटी झाल्यावर समोर जो उभा व्हता त्याला मारलं.

उघड्या तोंडात मी पाणी घातलं. घटाघटा प्यायले. मग मी स्वैपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

८ नोव्हेंबर

पूजेच्या घंटीच्या लोलकाला फडका बांधला. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून बिनघंटीची पूजा केली न्हाई कधी. आज मुक्यानंच विभूती लावली, मुक्यानंच बेल वाहिला. महादेव काय रागावायचा न्हाई. त्याला संसार ठाऊक हाय.

आणि जेवायच्या वक्ताला फडका सोडते. पूजेला मुकी, जेवायला वाजती. सगळं उलटंच.

११ नोव्हेंबर

शंभूला समोर बसवून दाखवलं. एक घंटी – उठले, खोलीभर फिरले. दुसरी घंटी – स्टूल. मऊ भात अख्खा खाल्ला, गोळी घेतली, मी टावेलानं तोंड पुसलं. शंभू भिंतीला टेकून बघत होता. बापाला लढताना त्यानं कधी बघितलंच नव्हतं, त्याच्या जन्माआधीच सुटलं होतं सगळं. फोन घेऊन अंगणात गेला. त्या ठिकाणच्या लोकांना म्हणला, "आत्ता न्हाई आणत."

महेश्वरी आता दाराबाहेरून घंटी वाजवते. "मामा, दुसरा राउंड," म्हणते. गालावर अजून पिवळं हाय. ह्या पोरीला मी कधी नावं ठेवली असतील ती सगळी परत घेते.

२२ नोव्हेंबर

हे आता मला उस्ताद म्हणतात.

त्या उस्तादाचं नाव ह्या घरात मी काढू दिलं न्हाई. सिकंदराबादचा माणूस, ह्यांना त्यानंच घडवलं. हैदराबादला फायनल होती. मी पहिल्यांदाच बघायला गेले आणि शेवटचंच. समोरचा ह्यांच्या डोक्यावर घाव घालायलाय, ह्यांचे पाय लटपटायलेत, भुवईतून रक्त. उस्तादाच्या खांद्यावर टावेल. तो नुसता रिंगणात टाकला की लढत थांबते, हरले म्हणून सोडून देतात. त्यानं टाकला न्हाई. शेवटी हे जिंकले, गळ्यात सोनं पडलं. त्या दिवसापासून ह्यांचं डोकं धरलं ते धरलंच. पुढं उस्ताद भेटायला आला, तर मी दार उघडलं न्हाई. मरेपर्यंत शिव्या घातल्या त्याला, मेल्यावरही घातल्या.

आज तोंड पुसताना हे माझा हात धरून हळूच म्हणले, "उस्ताद, टावेल नका टाकू."

मी म्हणलं, "का रे?"

"बायको आलीय बघायला. पहिल्यांदाच आलीय."

हातातला टावेल तसाच राहिला. तिसऱ्या रांगेत बसले होते मी. हिरवं लुगडं नेसून. नवरा मार खायलाय ते बघवत नव्हतं म्हणून डोळे झाकून घेतले होते.

२३ नोव्हेंबर

उस्तादाच्या नावानं एक उदबत्ती लावली.

१४ डिसेंबर, रविवार

पहिल्या घंटीला अर्धेच उठतात आता. गुडघ्यावर हात ठेवून जोर लावतात, परत बसतात. मग माझ्याकडं अशा नजरेनं बघतात की घंटीच फेकून द्यावी वाटते. घास गालातच राहायलाय. पाणी ओघळतं.

१६ डिसेंबर

डॉक्टर म्हणला, आणून भरती करा, नाकातून नळी घालू, हात बांधून ठेवावे लागतील. बरे होतील का, मी विचारलं. "बरं व्हायचं न्हाई, काही दिवस निघतील." शंभूनं गाडी दारात लावली. घरातली सगळी माझ्या तोंडाकडं बघायलीत.

मी ह्यांच्या पुढ्यात खाली बसले. उखाण्याबिगर ज्यांचं नाव तोंडावर आणलं न्हाई, त्यांना उस्तादाच्या आवाजात हाक मारली. "गुरुसिद्धप्पा. लय लढलास. टाकू का टावेल?"

ह्यांनी डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. "ती कुठंय?"

"इथंच हाय. तीच म्हणायलीय, टाका म्हणून."

"मग टाका."

खांद्यावरचा टावेल मी त्यांच्या पायापाशी टाकला. शंभू म्हणला, "आई, हे काय?" मी म्हणलं, "नांदेडला जायचं न्हाई." त्यानं टावेलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. बाहेर जाऊन गाडी बंद केली.

१९ डिसेंबर

चमच्यानं पाणी पाजताना ह्यांनी महेश्वरीचा गाल चाचपला. तोच गाल. ओळखलं का न्हाई कोण जाणे. ती मात्र उठून बाहेर गेली.

२२ डिसेंबर, सोमवार

आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवूनच माती देतात. खड्ड्यातल्या कोनाड्यात, पाठ टेकून, तळहातावर लिंग, कपाळाला विभूती. स्टुलावर बसायचे तसेच बसले होते.

विधीला आलेल्या जंगमस्वामींनी झोळीतून घंटी काढली. "स्वामी, वाजवू नका," असं तोंडावर आलं होतं माझ्या. त्यांनी वाजवली. सगळ्यांनी हात जोडले. मी ह्यांच्या हातांकडं बघत राहिले.

उठले न्हाईत. दुसरी घंटी होती ती.