कोनाड्यातली पाटी

गुरुजी, वर्तमानपत्रातल्या नोकरीत निकालाची बातमी बहुतेक माझ्याच वाट्याला यायची. इतके पास, इतके नापास, वेळेत मजकूर द्यायचा आणि हात झटकून उठायचं. पण आकडे लिहून झाले की झरीच्या मारुतीच्या देवळाची ओसरी डोळ्यांपुढे यायची. आपली शाळा तिथंच भरायची. आता नोकरी संपली, तरी निकालाच्या दिवसांत ती ओसरी येतेच.

पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन वर्ष उलटलं होतं. उर्दू जाऊन मराठी पुस्तकं आली आणि तिसरीतली निम्मी पोरं गणितात एकदम मागं पडली. त्यांना परत दुसरीत बसवायचं घाटत होतं, तेवढ्यात तुम्ही बदलून आलात. दर शनिवारी पाटीवर गणितं घालू लागलात. आम्ही सवयीनं थुंकी लावून पुसायला गेलो, तर म्हणालात, "पुसू नका रे. चूक मला बघायची हाय." मग पाट्या ओसरीवर मांडायच्या, पण मार्कांप्रमाणे नाही. हातचा चुकलेल्यांची एक रांग, पाढा न येणाऱ्यांची दुसरी, काहीच न लिहिलेल्यांची तिसरी. ज्या रांगेची जी अडचण, तोच तिचा आठवड्याचा अभ्यास. पुढच्या शनिवारी कोणाची पाटी कुठून कुठं सरकली, ते तुम्ही उकिडवे बसून बघत राहायचात.

माझी मैत्रीण तिसऱ्या रांगेत. पाटी कोरी. तुम्ही तिच्याजवळ बसला आहात, भागाकार का केला नाहीस म्हणून विचारताय, आणि ती मान खाली घालून येत नाही म्हणतेय. तुम्ही भागाकाराचा जुना उर्दू शब्द घालून विचारता.

"तकसीम येती का?"

"ती येती की. तसं म्हणायचं ना मग, गुर्जी."

सगळी ओसरी हसली. तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात आणि मग रांगेतल्या एकेकाला तसंच विचारत गेलात. त्या अख्ख्या रांगेला गणित येत होतं, फक्त गणिताची नवी मराठी कळत नव्हती. त्या दिवसापासून तुम्ही त्यांना मराठी वाचायला शिकवू लागलात. ती अक्षर जुळवत जुळवत वर सरकत होती, पण तपासणी आधी आली. थोडक्यात नापास झाली. कोऱ्या पाटीपासून ती कुठवर आलीय, हे तुम्ही तपासणीच्या साहेबांना सांगून पाहिलंत. आपल्याला पास की नापास एवढंच वर कळवायचं असतं, असं ते शांतपणे म्हणाले.

नापास झाली तर शाळा बंद, असं तिच्या वडलांनी आधीच बजावलं होतं. पुढच्या शनिवारी गणित चालू असतानाच ते पायरीशी येऊन उभे राहिले. कापूस वेचायला हात हवे होते. तुम्ही तिची पाटी उचलून त्यांच्यापुढं धरलीत. "नापास म्हणू नका हिला. हे बघा, पोरगी कुठवर आली."

त्यांनी पाटीकडे पाहिलं, नीट पाहिलं. "मला त्यातलं काय कळतंय, गुर्जी," म्हणाले आणि तिला घेऊन गेले.

त्या पाटीवर शहाण्णवला चारनं भागायचं होतं. दोन लिहून झाले होते, सहा खाली उतरवून सोळा केले होते. ती पाटी तुम्ही न पुसता कोनाड्यात ठेवलीत. एकदा मी पेन्सिल घेऊन ते गणित पुरं करायला गेले, तर तुमचा आवाज आला, "ठेव ती. तिचं गणित हाय, तिला करू दे." तुम्हाला तेवढं चिडलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पुढं तिचं पेडगावला लग्न झालं. मी झरी सोडली तेव्हाही पाटी तिथंच होती, तिच्यावर धूळ बसली होती आणि धुळीखाली सोळा दिसत होते.

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. हे पत्र टाकायचं तरी कुठं? एकच सांगायचं राहिलंय. निकालाचे आकडे वाचताना आजही माझा हात कोऱ्या कागदावर आपोआप ते गणित मांडतो, सोळापर्यंत येतो आणि थांबतो. उत्तर मी अजून कुठंच लिहिलेलं नाही. इथंही नाही.