धामणगाव बढ्यात राहून गेलेलं व्याख्यान

बुलढाणा,
रविवार, उपासना आटोपून, जेवणाआधी

तीर्थस्वरूप सौ. शरयूअक्कास, धाकट्या शरच्चंद्राचा दोन्ही हात जोडून सलाम.

तुझे गुडघे, दाजींची शुगर आणि तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, या तिघांची प्रकृती आता कशी आहे? टाकी गळायची थांबली असेल तर प्रभूचे आभार मान, आणि थांबली नसेल तर त्या प्लंबरला माझं नाव सांगू नकोस, कारण तो मीच सुचवला होता. पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन करता येत नाही असं नाही. पण फोन लावला की तू आधी ‘जेवलास का’ विचारतेस, मी ‘जेवलो’ म्हणतो, आणि तू ‘बरं, ठेवते’ म्हणतेस. पत्रात निदान मधे कोणी ठेवत नाही. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे नीरजा माझ्याशी बोलते, पण ‘गॅस संपला’ आणि ‘दार लावा’ या दोनच विषयांवर. का, ते तू जाणतेस.

सौमित्रची खुशाली मी विचारत नाही. तुझ्या हातचं खातो म्हणजे अंगाने भरलाच असेल. पावसाळ्यात तो घरातून निघाला तेव्हा मी दारात उभा राहून ‘डिग्री घेतल्याशिवाय या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही’ असं गर्जून सांगितलं होतं. त्यावर तू मला काय काय म्हणालीस ते आमच्या सगळ्या गल्लीला पाठ आहे, कारण फोन स्पीकरवर होता. त्याने त्या दिवसापासून उंबऱ्यात पाय ठेवलेला नाही. (हट्टाच्या बाबतीत पोरगं माझ्यावर गेलं, हे नीरजाचं मत. गणिताच्या बाबतीत का गेलं नाही, हे माझं.) आता तूच बघ, इंजिनिअरिंग अर्ध्यावर टाकून लोणारच्या सरोवरावर लोकांना खड्डा दाखवत फिरणारा मुलगा, आणि ‘पवित्र शास्त्राचा अभ्यास व मुलग्यांचे शिक्षण’ या विषयावर जिल्हाभर व्याख्यानं देत फिरणारा त्याचा बाप. माझं बॅनर लागलं की लोक हसतात, पण माझी पाठ वळल्यावर हसतात. इतके संस्कार आपल्या जिल्ह्यात अजून आहेत.

तर परवा धामणगाव बढ्याला गेलो होतो. तिथे आपल्या ख्रिस्ती मंडळीतले जानराव म्हणून एक गृहस्थ खत-बियाण्यांचं दुकान चालवतात. त्यांच्या अंगणात चार घरची माणसं बसतील, मी तासभर बोलेन, मग चहा, असा साधा बेत. पण गावात आदल्याच दिवशी हरिनाम सप्ताह उठला होता आणि मंडपवाला मंडप सोडायला दुसऱ्या दिवशी येणार होता. गावचे मोठे शेतकरी माणिकराव म्हणाले, ‘मंडप हाये, भोंगा हाये, सतरंज्या हायेत, वाया काऊन घालवाच्या? सराईले तिथीच बोलू द्या.’ अट एकच, की धर्माचं बोलायचं नाही, ‘पोराईचं बोला.’ मला काय, मी भोंगा दिसला की हुरळतो. उभ्या जन्मात मला एवढा श्रोता मिळाला नव्हता. सप्ताहात बसायची सवय लागलेली माणसं, कोण बोलतोय हे न विचारता येऊन बसली. एका आजोबांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला, दोघी-तिघी बायांनी पाया पडून घेतलं, आणि गळ्यात झेंडूचा हार पडला. अक्का, मी नको म्हणायला हवं होतं. पण हार आपल्याला शोभतो, हे मला तेव्हाच कळलं.

पाठीमागे किसनराव मृदंगी बसले होते. कीर्तनकार दम घ्यायला थांबला की थाप मारायची, ही त्यांच्या हाताला आठवडाभरात जडलेली सवय. मी म्हणालो, ‘मुलग्यांना शिस्त हवी.’ थांबलो. धाड्कन थाप! ‘पण प्रेमही हवं.’ थाप! त्यांना नको म्हणायला मी वळलो, तर तेवढ्या वेळात त्यांनी एक छोटा तुकडाच वाजवून घेतला आणि मंडपाने माना डोलावल्या. मग मी ठरवलं, की थांबायचंच नाही. पण न थांबता मुद्दे सांगता येत नाहीत, न थांबता फक्त गोष्ट सांगता येते. म्हणून शिस्त, अभ्यास, मोबाइल हे सगळे मुद्दे सोडून मी एकदम बायबलात लूकने लिहिलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर उडी मारली. धर्माचं नाव घेतलं नाही. ‘फार जुनी गोष्ट आहे, एका शेतकऱ्याला दोन मुलगे होते,’ एवढंच म्हणालो.

धाकट्याने बाप जिवंत असतानाच आपली वाटणी मागितली, इथवर आलो आणि मंडप खडबडून जागा झाला. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मला वाटलं, हा माझ्या वाणीचा परिणाम. (माना पुढे वळायला हव्यात, मागे नाही, एवढंही मला सुचलं नाही. नोकरीभर शाळेत पोरांना ‘डोकं वापरा’ म्हणत आलो!) मी आवाज चढवला. धाकट्याने वाटणी विकली, शहरात गेला, सगळं उडवलं, उपाशी मरायची वेळ आली, आणि शेवटी मान खाली घालून बापाकडे परत आला. बाप धावत सामोरा गेला. पुढे शास्त्रात पुष्ट वासरू कापल्याचं आहे. माझी जीभ वासरापर्यंत आली, समोर टिळा लावलेली ती सगळी मंडळी पाहिली, आणि बापाने पुरणावरणाचा स्वयंपाक केला असं ठोकून दिलं. जानरावांना भर मंडपात ठसका लागला. प्रभू मला क्षमा करील, जानराव करतील असं दिसत नाही.

तेवढ्यात माणिकराव उभे राहिले. चेहरा लालबुंद. ‘सर, तुम्हाले हे कोनं सांगतलं?’

मी भांबावून म्हणालो, ‘लूकने.’

‘कोन लूक? जानरावाचा कोनी हाये का?’

मग उलगडा झाला. माणिकरावांचा धाकटा भाऊ गोविंदा आपल्या वाटणीचं शेत विकून पुण्याला गेला होता. तिथे धंदा बुडाला. सप्ताहाच्या गर्दीत तो गावात परत आला आणि भावाच्या दारात जायची छाती होईना म्हणून देवळातच पडून राहिला. आत्ता तो मंडपाच्या अगदी मागच्या खांबाला टेकून बसला होता. हे साऱ्या गावाला ठाऊक. फक्त भोंग्यासमोर उभ्या असलेल्या शहाण्याला नाही. गोविंदाने वकिली करायला बुलढाण्याहून माणूस आणला, असाच सगळ्यांचा समज झाला. मी जीव तोडून सांगतोय की गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, परदेशातली आहे, आणि कोणी ऐकायला तयार नाही.

मग जी चर्चा पेटली ती माझ्या कुठल्याही व्याख्यानात पेटलेली नाही. एक आजोबा म्हणाले, धाकट्याचा हिस्सा देऊन झाल्यावर जे उरलं ते थोरल्याचं, मग पुरणाची डाळ कोणाची? दुसरे म्हणाले, बाप जिवंत आहे तोवर डाळ बापाची. तिसऱ्याने मला विचारलं, सातबारा वेगळा झाला होता का? मी म्हणालो, शास्त्रात सातबाऱ्याचा उल्लेख नाही. थाप! (किसनरावांना काय म्हणावं, तू सांग.) थोरल्यावर अन्याय झाला असा निकाल लागत आला होता. गोविंदा चपला शोधायला लागला होता. ते मला बघवेना, कारण पोरगा उठून गेला असता तर तो माझ्या व्याख्यानातून उठून गेला असता.

तोच बायकांच्या बाजूने गोजरबाई उठल्या. माणिकराव आणि गोविंदा यांची आई. हातात पानाचा बटवा, आवाज असा की भोंग्याची गरज नाही. ‘ओ सर, त्या पोराईची माय कुठी होती?’

अक्का, इतकी वर्षं मी हा दाखला सांगतोय. मनातल्या मनात सगळा धडा चाळला. बाप आहे, दोन मुलगे आहेत, चाकर आहेत, डुकरंसुद्धा आहेत. आई नाही. मी म्हणालो, तिचा उल्लेख नाही.

‘असंनच,’ म्हातारी म्हणाली. ‘चुलीपाशी डोये पुसत बसली असंन. तिले कोन इचारते?’ आणि सतरंज्या तुडवत तडक मागे गेली, गोविंदाचं मनगट धरलं. ‘चाल घरी. पयले जेव. वाटनीचं मंग पाहू.’ माणिकरावांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग ‘आता काय पाहून राह्यले बे, जा घरी!’ असं मंडपावर खेकसले आणि निघाले आईच्या मागे. मला द्यायचा नारळ नि शेला त्यांच्याच हातात राहिला. आभारप्रदर्शन झालंच नाही.

जेवायला मला तिथेच नेलं. दोघा भावांच्या मधे बसवलं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण चटणीची वाटी माझ्यामार्फत इकडून तिकडे जात होती, आणि एकदा तर माणिकरावांनी न मागता पुढे सरकवली. गोजरबाई वाढत होत्या. म्हणाल्या, ‘सर, तुम्हाले पोरं किती?’ एकच, म्हटलं. ‘काय करते?’ मी म्हणालो, लोणारला आत्याकडे शिकतो. ‘सुट्टीत येते का घरी?’ मी पाणी मागितलं. त्यांनी पाणी दिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. अक्का, मला तिथे पानावरच रडू आलं गं. मी ठेचा फार तिखट आहे असं सांगितलं. ठेचा पानात वाढलेलाच नव्हता.

असो. कीर्ती मात्र झाली. धाडहून कालच फोन आला, की दोघा भावांचं बांधावरून बिनसलंय, ‘वाटणीवाल्या सराईची’ तारीख पाहिजे. मुलग्यांच्या शिक्षणाबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही. दाजींना सलाम सांग आणि लोणचं त्यांच्या हाताला लागणार नाही असं ठेव.

तुझा फार बोलणारा भाऊ,
शरच्चंद्र

ता. क. पुढच्या शनिवारी लोणारला माझं व्याख्यान आहे. दोन दिवस तुझ्याकडेच उतरेन.

ता. क. २. व्याख्यान नाही. मला कोणी बोलावलेलं नाही. (तुमच्या मंडळीने गेल्या वेळीच ‘आता पुरे’ म्हटलं होतं.) मला सरोवर बघायचं आहे. जन्म याच जिल्ह्यात गेला, पण मी दर वेळी काठावरूनच पाहून परतलो, खाली कधी उतरलो नाही. सौमित्रला विचार, एक म्हातारं गिऱ्हाईक आहे, सकाळची वेळ देशील का? इतरांना सांगतो ते सगळं त्याने मला सांगावं. मी मधे तोंड घालणार नाही, आकडे चुकले तरी दुरुस्त करणार नाही, इंजिनिअरिंगचं नाव काढणार नाही. काढलंच, तर त्याने मला खालीच सोडून वर यावं. गिऱ्हाइकाचं नाव विचारलं तर सांग. नाही म्हणाला, तर मला फोन करू नकोस, पत्र लिही. पत्राला दोन-चार दिवस लागतात, तेवढे बरे जातील.

ता. क. ३. वन्सं, नीरजाचा सलाम. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. हे एकटे येत नाहीत, मीपण येते. सौमित्रचं न् माझं रोज बोलणं होतं ते तुम्हाला माहीत आहे, यांना नाही. आज सोमवारी सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा त्याला फोनवर वरचं सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाला, ‘बाबांना चपला घालून आणू नको, उतारावर पाय सरकतो. माझे जुने बूट पलंगाखाली आहेत, ते घालायला लाव.’ बूट काढून पुसून ठेवलेत. यांना बसमध्ये बसल्यावर सांगेन. घरात सांगितलं तर उभं राहून बोलायला लागतील आणि गाडी चुकेल.