मैदानाकडे पाठ

१३ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळ.

जिंकलो. १-०.

मोसमातली पहिली मॅच. माझ्या मुलीच्या, हर्षाच्या, कॉलेजची मुलींची फुटबॉल टीम गेल्या वर्षी एकही मॅच जिंकली नव्हती. आज जिंकली. कशी, हे महत्त्वाचं नाही. तरी लिहून ठेवतो. समोरच्या टीममधल्या एका मुलीने चेंडू मागे आपल्याच गोलकीपरकडे दिला. गोलकीपर केसांना रबर लावत होती. चेंडू तिच्या बाजूने हळूहळू आत गेला. आमच्या मुलींनी अख्ख्या मॅचमध्ये त्यांच्या गोलवर एकदाही चेंडू मारला नाही, हे खरं आहे. गरज पडली नाही.

समर्थक आम्ही तिघे. तिघांच्याही मुली टीममध्ये. विजयकुमार सेक्टर १० चे, आमच्या स्टील प्लांटच्या अकाउंट्समध्ये. तरुणपणी डिपार्टमेंटच्या टीममधून खेळले, त्यामुळे फुटबॉलवर हक्काने बोलतात. म्हणाले, गुलाबभाऊ, याले जिंकणं नाही म्हणत, याले सापडणं म्हणते. हिरालाल माझ्यासोबत क्रेनवर आहे. तो म्हणाला, जीत तो जीत है भैया, थोड़ा मुँह टेढ़ा है बस.

मी दोघांनाही सांगितलं, स्कोअर बोर्डावर तोंड दिसत नाही.

हर्षा आमची गोलकीपर. तिच्या हातून एक सोपा चेंडू निसटला आणि खांबाला लागून परत आला. त्यानंतर माझ्याने पाहवेना. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली मारुतीचं लहानसं देऊळ आहे. तिकडे तोंड करून हात जोडले. मैदानाकडे पाठ. तेवढ्यात गलका झाला. वळून पाहतो तर गोल.

१४ सप्टेंबर, रविवार.

पूजा झाल्यावर शांतपणे विचार केला. मी पाहत होतो तोवर चेंडू सारखा आमच्याच गोलपाशी. मी पाठ केली आणि चेंडू तिकडे गेला. याला योगायोग म्हणणारे लोक असतात. विजयकुमार असतील.

ठरवलं: पुढची मॅच पूर्ण, मैदानाकडे पाठ करून, मारुतीकडे तोंड करून. कोणाला सांगायचं नाही. नेम बोलून दाखवला की त्यातला दम जातो.

१६ सप्टेंबर, मंगळवार. उपास.

कँटीनमध्ये एकाने विचारलं, तुमची टीम जिंकली का त्यांची हरली? मी म्हटलं, दोन्ही झालं. तो ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. लोकांना सरळ उत्तराची सवय नसते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आम्ही तिघेच. तिथे मोठा मेसेज टाकला. चांगली टीम चांगलं खेळून जिंकते, पण जी न खेळता जिंकते तिच्यावर कृपा असते, अशा अर्थाचा. ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच. विजयकुमारांनी नुसता अंगठा पाठवला. हिरालालने हात जोडलेले पाठवले, पण तो दूधवाल्याच्या मेसेजलाही हात जोडतो.

मी स्वतः कॉलेजात गेलो नाही. गावच्या शाळेत दहावी, मग आयटीआय. तरी आमचं कॉलेज म्हणतो. हक्क असा जागेवर बसून मिळत नाही, तो उभं राहून मिळतो.

२० सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळ.

०-०. माझ्या मते उत्तम.

पूर्ण वेळ पाठ. चणेवाला दोनदा येऊन सांगून गेला, चाचा, मैच उधर है. हिरालालने छत्तीसगढीत विचारलं, का देखत हस भैया? म्हटलं, कडुनिंब. तो थोडा वेळ माझ्यासोबत कडुनिंब पाहत उभा राहिला. भला माणूस आहे.

गोल का झाला नाही, त्याचं कारण मला ठाऊक आहे. मध्येच मोठा आवाज आला आणि माझी मान जराशी वळली. चूक माझी. टीमची नाही.

स्कूटरवर येताना हर्षा बोलली नाही. घराजवळ आल्यावर म्हणाली, बाबा, तुमी तिकडं काय पाहून राहिले होते? म्हटलं, ऊन डोळ्यावर येत होतं. आज दिवसभर ढग होते, हे नंतर लक्षात आलं. ती एकदा आभाळाकडे पाहून घरात गेली. समजूतदार पोरगी आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार.

हर्षाच्या आईने, जयाने, आज जेवताना विषय काढला. म्हणाली, पोरीले वाटते तुमाले तिची लाज वाटून राहिली. तिच्या हातून तो चेंडू सुटला, तवापासून तुमी तिच्याकडं पाहतच नाही म्हणते.

मी म्हटलं, गैरसमज आहे. स्पर्धेचा कप घरी आला की आपोआप दूर होईल.

जया म्हणाली, कप येवाच्या आंदी पोरगी तुमच्याशी बोलणं बंद करन.

बायकांना लांबचं दिसत नाही. मी क्रेनवर बसतो, मला वरून सगळं दिसतं.

याच हर्षासाठी मी भावाशी भांडलो होतो. तो गावाहून येऊन म्हणाला, पोरीची जात, चड्डी घालून मैदानात कावून? मी त्याला सांगितलं, तिला जे येतं ते ती करेल. लाज वाटणारा माणूस असं बोलतो का? पण हे हर्षाला कसं सांगणार. बढाई वाटेल.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.

हर्षा सकाळी म्हणाली, उद्या तुमी आले नाही तरी चालते. उगाच तकलीफ कायले.

माझ्या गुडघ्यांची काळजी करते. नवरात्राचे उपास चालू आहेत, त्यात दोन तास उभं राहणं. डोळ्यांत पाणी आलं. अर्थात जाणार.

२७ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळ.

हरलो. १-३.

कारण सापडलं आहे. देवळाजवळ कोणीतरी पांढरी कार लावली होती. तिच्या काचेत मैदान दिसत होतं. मी पाहिलं नाही, पण दिसलं. न पाहता दिसणं हेही पाहणंच. तीनही गोल काचेतून झाले. चौथा व्हायच्या आत मी डोळे मिटले, आणि नोंद करण्यासारखी गोष्ट म्हणजे लगेच आमचा एक गोल झाला.

विजयकुमार म्हणाले, डिफेन्स नाही, मिडफील्ड नाही, स्टॅमिना नाही. मी म्हटलं, कार नसती तर वेगळं चित्र होतं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग हिरालालला म्हणाले, भाऊले घरी घेऊन जा, उपासानं होते असं.

दुसऱ्या दोन टीमचे निकाल जुळले तर पुढची मॅच जिंकून अजूनही फायनल शक्य आहे. जुळतील.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

निकाल जुळले. म्हटलं होतं.

संध्याकाळी हर्षा चहा घेऊन आली. कधी आणत नाही. कप ठेवून दारात उभी राहिली. म्हणाली, बाबा, उद्या इकडं तोंड करून उभे राहा ना. एक वेळ. माझ्याकडून गोल झाला तं झाला. पण तुमी इकडं तोंड करा.

मी हो म्हटलं. देवघरासमोर बसून आहे तेव्हापासून. हो तर म्हटलं, पण मी पाहिलं आणि हरलो तर फायनल गेली. पोरीच्या एका हट्टापायी पोरीचंच नुकसान. बापाने असं करावं का?

रात्र पडण्याच्या आत मार्ग सापडला. तिने तोंड करायला सांगितलं आहे. डोळ्यांबद्दल काही म्हणाली नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ.

कॅम्प-१ च्या बाजारातून काळा गॉगल आणला. दुकानदार म्हणाला, हीरो लग रहे हो अंकल. आरशात पाहिलं. डोळे मिटले आहेत की उघडे, काही कळत नाही. वचनही पाळलं जाईल आणि नेमही.

४ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळ.

जिंकलो. १-०. फायनलमध्ये गेलो. पद्धत सिद्ध झाली.

मैदानाकडे तोंड करून उभा राहिलो तेव्हा हर्षाने लांबून हात वर केला. मीही केला. मग डोळे मिटले. डोळे मिटले की मैदान फार मोठं होतं. आमचा गोल आवाजावरून कळला. शेवटी शेवटी शिट्टी वाजली आणि सगळे एकदम गप्प. मग एक थाड आवाज. मग गलका. टाळी वाजवावी की नाही कळेना, म्हणून स्थिर उभा राहिलो. हिरालालने मला मिठी मारली. म्हणाला, हर्षा ने पेनल्टी रोक दी भैया, आप तो हिले भी नहीं.

मॅच संपल्यावर हर्षा धावत आली. तिचा चेहरा असा मी दहावीच्या रिझल्टलाही पाहिला नव्हता. म्हणाली, पाहिलं, बाबा?

मी म्हटलं, पाहिलं. काय झेप घेतली तू उजवीकडं.

ती एक पाऊल मागे सरकली. हिरालाल हळूच म्हणाला, झेप कहाँ भैया, बच्ची तो डर के मारे खड़ी थी, पेट में आ के लगा. टीममधल्या पोरी त्याच गोष्टीवर अजून हसत होत्या. ती पण हसतच आली होती.

हर्षा म्हणाली, गॉगल काढा. काढला. इतका वेळ मिटलेले डोळे, उजेडात उघडेनात. ती म्हणाली, तुमी झोपले होते काय?

५ ऑक्टोबर, रविवार.

नेम सांगून टाकला. झोपण्याचा आरोप मला सहन झाला नाही. जया आणि हर्षा दोघींना समोर बसवून पहिल्या मॅचपासून सगळं समजावलं. कडुनिंब, कार, गॉगल. वाटलं होतं, हर्षाच्या डोळ्यांत पाणी येईल.

जया हसत सुटली. पदर तोंडाला लावून आत गेली.

हर्षा हसली नाही. म्हणाली, तुमच्या पाठीनं मॅच जिंकत असन तं मी तिथं ग्लोव्हज घालून कावून उभी राहू? पोटात लागला तो चेंडू मले लागला, बाबा. निळं पडलं अजून.

मी म्हटलं, मी असा विचार केला नव्हता. ती म्हणाली, तेच तं.

वाद घालायचा नाही असं ठरवलं. श्रद्धा पटवून देता येत नाही. पोटाला लावायला मलम आणून दिलं. टेबलावर ठेवलं. तिथेच आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

शिफ्टनंतर एकटाच मैदानावर गेलो. मारुतीला तेल वाहिलं. फायनल शनिवारी, याच मैदानावर. त्याला म्हटलं, तूच सांग. पाहिलं तर हरतो, न पाहिलं तर पोरगी जाते.

बराच वेळ बसलो. आजवर मी त्याच्याकडे पाहत होतो, पण तो कुठे पाहतो ते पाहिलं नव्हतं. मारुती दक्षिणमुखी. मैदान दक्षिणेला. त्याचे डोळे सरळ त्याच गोलवर, जिथे हर्षा उभी असते. डोळे मोठे, उघडे. म्हणजे सगळा मोसम मी त्याच्याकडे तोंड करून हात जोडत होतो आणि तो माझ्या खांद्यावरून मॅच पाहत होता.

म्हणजे मी मध्ये येत होतो.

हे कळल्यावर सगळा हिशेब बदलला. १-३ कारमुळे नव्हे. आडोसा माझा. नेम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. नेमाची दिशा चुकली.

ठरवलं: शनिवारी देवळाच्या बाजूला, मध्ये न येता, त्याच दिशेला तोंड. डोळे उघडे. गॉगल हिरालालला दिला.

मनात भीती आहेच. पण आता ठरलं.

११ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळ.

हरलो. ०-५.

डोळे सगळा वेळ उघडे होते. एकदा डोळ्यात धूळ गेली, तरी मिटले नाहीत. पाचही गोल माझ्या देखत झाले आणि माझ्यामुळे झाले, याबद्दल मला शंका नाही. पण मी हललो नाही. प्रत्येक गोलनंतर हर्षाने जाळीतून चेंडू काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडेच पाहत होतो.

विजयकुमार म्हणाले, काही म्हणा गुलाबभाऊ, ही हार मात्र पटण्यासारखी होती. मी म्हटलं, फायनलमध्ये हरायलाही फायनलला यावं लागतं. ते म्हणाले, हे बरोबर. पहिल्यांदाच म्हणाले.

येताना हर्षा स्कूटरवर सारखी बोलत होती. पहिला कसा, दुसरा कसा. मी नुसतं हो हो. घरी आल्यावर पाण्याचा ग्लास हातात घेऊन म्हणाली, बाबा, खरं सांगा, चौथा मी थांबवाले पायजे होता ना?

फुटबॉलबद्दल माझं मत या घरात आजवर कोणी विचारलं नव्हतं. खूप विचार करून म्हटलं, हो, चौथा थांबायला पाहिजे होता.

ती चिडली. म्हणाली, कसा थांबवू? आपली डिफेंडरच समोर येऊन उभी राहिली होती, मले चेंडू दिसलाच नाही. तुमी तं पाहून राहिले होते ना, तुमाले नाही दिसली ती?

मला डिफेंडर दिसली नव्हती. खरं म्हणजे पाचपैकी एकाही गोलच्या वेळी चेंडू कुठून आला, ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या मोसमात चेंडूकडेही लक्ष ठेवायचं.